चिमूटभर भुरा

पांडेसरा, सुरत
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप पुष्पाआक्कास,
लोटूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दिवाळीआधीच मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल तू जे काही बोलशील ते मी इथूनच ऐकून घेतलं असं समज. सुषमा बरी आहे, गुडघा कुरकुरतो तेवढाच. योगिताला आमच्याच मिलच्या लॅबमध्ये लागून पाच महिने झाले. सकाळी बापलेक एकाच रिक्षाने जातो. फाटकातून आत शिरलो की ती डावीकडे एसीत आणि मी उजवीकडे वाफेत.

मोठी बातमी म्हणजे आमच्या कलर किचनमध्ये यंत्र आलं आहे. मागे तुला सांगितलं होतं ना, की साड्यांचे रंग जिथे तोलतात आणि कालवतात त्या खोलीला आमच्याकडे किचनच म्हणतात, तेव्हा तू विचारलं होतंस की मग फोडणी कोण देतं. तर आता फोडणीसुद्धा यंत्रच देणार. काचेआड नळ्यांची रांग आहे, खाली बादली आपोआप सरकत येते, आणि स्क्रीनवर शेडचा नंबर दाबला की ज्या त्या नळीतून मोजका रंग पडतो. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. किचनमध्ये आम्ही अकरा जण. शेठनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की जानेवारीअखेर इथे चारच माणसं राहतील, ज्यांना यंत्र चालवता येईल ती. बाकीचे फोल्डिंग खात्यात जातील, नाहीतर रामराम.

मी त्या चारांत राहणार आहे, आक्का. आधीच लिहून टाकतो म्हणजे मागे फिरायला तोंड राहणार नाही. बावन्न वय आणि सातवी पास, हे सगळं मला माहीत आहे. पण तीस वर्षं रंग कालवल्यावर ताक्यांच्या घड्या घालत बसायला मी सुरतेला आलो नव्हतो. रोज पाळी सुटली की यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरकडे अर्धा तास शिकतो. तो मला अंकल म्हणतो आणि मी त्याला सर म्हणतो, त्यामुळे दोघांनाही लाज वाटते. रंगाने माझी बोटं इतकी गुळगुळीत झाली आहेत की स्क्रीनला ती बोटं वाटतच नाहीत, म्हणून करंगळीने दाबतो. किचनमधला राघो म्हणतो की लोटूभाऊ नव्या नवरीसारखं यंत्र चालवतो.

दुसरं काम माझ्या चिठ्ठ्यांचं. एखादी शेड जमली की मी तिची चिठ्ठी करून ठेवतो, कोणता रंग किती, आपल्या मराठीत आणि मी ठेवलेल्या नावांनी. कंपनीचे नंबर कोण लक्षात ठेवतो? त्या सगळ्या चिठ्ठ्या शेठनी मागून घेतल्या, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम आपल्या योगिताकडे आलं. बापाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात आहे, असं ती घरी येऊन आईला सांगते.

मनीषाला आणि पोरांना आशीर्वाद. लोभ असावा, ओरडा जरा कमी असावा.

तुझा धाकटा,
लोटू


अमळनेर
२७ नोव्हेंबर २०२४

चि. लोटू यास,
पुष्पाआक्काचे अ. उ. आ.

पत्र पावलं. आमची सूनबाई मनीषा म्हणते की आजकाल पत्रं कोण लिहितं, मोबाईल आहे ना घरात. तिला काय जातं बोलायला. फोन कानाला लावला की मला नुसती गुणगुण ऐकू येते. मोबाईलवर लिहून आलेलं तीच मोठ्याने वाचून दाखवते, म्हणजे मला कळायच्या आधी गल्लीला कळतं. पत्र बरं. चष्मा लावला की ते माझं एकटीचं.

चारांत राहणार म्हणतोस ना, मग राहा. मी काही तुला गावी परत ये असं म्हणायची नाही, आल्यावर दोन दिवसांत तू आमचंच डोकं खाशील. फक्त यंत्राशी भांडू नकोस. त्याला राग येत नाही, तेव्हा भांडणात तूच दमशील. आणि त्या इंजिनिअरला सर म्हणायला लाजू नकोस. आपल्याला येत नाही ते ज्याला येतं तो सर.

चिठ्ठ्या दिल्यास ते लिहिलंस. तीस वर्षांचं जमवलेलं हातातून देताना काळजात काही झालं की नाही, ते मात्र लिहिलं नाहीस. तू जे लिहीत नाहीस ते मला जास्त वाचता येतं, लक्षात ठेव.

सुषमाच्या गुडघ्याला तेल पाठवते आहे, ते तिनेच लावायचं, तू वास घेऊन नावं ठेवायची नाहीत. योगिताला म्हणावं, फुई म्हणजे सख्खी आत्या, तिला चार ओळी लिहीत जा, नाहीतर मी शिकवलेलं मराठी गंजून जाईल. लोभ तर आहेच, कान गेला तरी तो शाबूत आहे.

तुझी,
आक्का


पांडेसरा, सुरत
२० डिसेंबर २०२४

तीर्थरूप पुष्पाफुईस,
योगिताचा सा. न. वि. वि.

फुई, माझं मराठी बघून हसू नको. शाळा सगळी गुजरातीत झाली, मराठी लिहायला तूच मे महिन्याच्या सुट्टीत शिकवलंस, म्हणून चुका निघाल्या तर अर्ध्या तुझ्या. आज मात्र हसण्यासारखं काही लिहायचं नाही.

गेल्या शनिवारी यंत्रावर पहिला मोठा लॉट घेतला. त्याआधी नमुना म्हणून साधा पिवळा काढला होता. तो असा बरोबर आला की आमचे मॅनेजर धर्मेंद्रभाई खूश होऊन म्हणाले, आता मोठीच ऑर्डर घ्या. आणखी चार-पाच शेडचे नमुने काढू असं इंजिनिअर म्हणत होता. त्याचं कोणी ऐकलं नाही. ऑर्डर गव्हाळ रंगाच्या साड्यांची, चाळीस ताके. शेड पप्पांची, चिठ्ठी पप्पांच्याच हातची. ताके बाहेर आले ते कच्च्या चिंचेसारखे हिरवट.

धर्मेंद्रभाईंनी सगळ्या किचनसमोर ती चिठ्ठी टेबलावर आपटली. ते म्हणाले की यंत्राने पिवळ्यात चूक केली नाही, म्हणजे यंत्र बरोबर आहे आणि चिठ्ठी खोटी आहे. लोटूभाईंनी मुद्दाम खोटं लिहून दिलं, यंत्र फसावं आणि यांच्यावाचून अडावं म्हणून. मी दारातच उभी होते. पप्पा एक शब्द बोलले नाहीत, मान खाली घालून ऐकत राहिले. सोमवारपासून त्यांना फोल्डिंगमध्ये टाकलंय. शेठ बाहेरगावी आहेत, ते नव्या वर्षात आले की कायमचं काय ते ठरेल.

आता जे लिहिते ते कोणाला सांगू नको. मलाही पप्पांची शंका येते. मी त्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा तपासल्या, शब्दन् शब्द बरोबर भरलाय. जिथे अडलं तिथे मी पप्पांना विचारलं होतं. 'तपकीर' कोणत्या डब्यातला, 'जुनं कुंकू' कोणतं, 'चिमूट' म्हणजे त्यांचं ते लहान माप, तेसुद्धा मी वजन करून घेतलं. जे सोपं होतं ते विचारायचं कारणच नव्हतं. चारशेवर चिठ्ठ्यांत शेवटी 'चिमूटभर भुरा' असतं. भुरो म्हणजे ब्लू, हे तर बालमंदिरातल्या पोराला पण येतं, तो मी त्याच नंबरने भरला. गव्हाळ रंगात ब्लू कशाला, असं तेव्हाच मनात आलं होतं. म्हटलं, पप्पांचं काही गणित असेल. आता वाटतं, गणित नव्हतंच.

फुई, निर्दोष माणूस भांडेल ना? गप्प कशाला बसेल? घरी ते जेवतात, टीव्हीसमोर बसतात आणि माझ्याशी नजर मिळवत नाहीत. मी ठरवलंय, खरं काय ते काढल्याशिवाय राहणार नाही, बाप असला तरी. तू एकदा विचार. तुझ्याशी ते खोटं बोलणार नाहीत.

माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे, हे पत्र वाचल्यावरसुद्धा.

तुझी,
योगिता


पांडेसरा, सुरत
२३ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आक्कास,
लोटूचा शि. सा. न. वि. वि.

योगिताने तुला सगळं कळवलं असणार. तुझा पत्ता लिहिलेलं पाकीट मी टेबलावर पाहिलं होतं. आत काय लिहिलं ते मी तिला विचारलं नाही, पण पोरगी हल्ली माझ्याकडे दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या नोटेकडे बघावं तशी बघते.

मी खोटी चिठ्ठी लिहिलेली नाही. तुझ्या पायावर हात ठेवून सांगतो. रंगाचं खोटं मला लिहिताच येत नाही. ती गव्हाळची चिठ्ठी मला तोंडपाठ आहे: पिवळा, तपकीर, चिमूटभर भुरा. या तिघांतून हिरवा आणून दाखव म्हटलं तरी मला येणार नाही. तो कुठून आला, ते अजून कळलेलं नाही.

मग धर्मेंद्रभाई एवढं बोलत असताना मी गप्प का बसलो, हे तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. सगळ्या चिठ्ठ्या दिल्या असं मी शेठना सांगितलं होतं. पण सगळ्या दिल्या नव्हत्या. सव्वीस मागे ठेवल्या. घरी पिठाच्या डब्यामागे आहेत, सुषमालाही ठाऊक नाही. माझे सगळ्यात छान उतरलेले रंग ते. ज्यांच्यासाठी रिंग रोडच्या कापडबाजारातले व्यापारी खास आमच्या मिलमध्ये येतात. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. यंत्राला सगळंच शिकवून टाकलं तर मला कशाला ठेवतील? तेव्हा ते मोठं शहाणपण वाटलं. मग त्या दिवशी चिठ्ठ्यांचा विषय निघाला आणि मी मान खाली घातली. एक शब्द बोललो तर त्या सव्वीस बाहेर पडतील, हीच भीती.

आता दिल्या तर धर्मेंद्रभाई म्हणतील, बघा, मी म्हटलंच होतं. नाही दिल्या तर पोरगी जन्मभर बापाला लबाड समजेल, आणि त्यातलं अर्धं खरं असेल. मला दोन्ही नको आहे.

फोल्डिंगमध्ये आठ तास घड्या घालतो. पण यंत्र शिकणं सोडलेलं नाही. धर्मेंद्रभाई घरी गेले की इंजिनिअरसाहेब मला बोलावतात, आणि नळ्या धुवायच्या कशा, वजनकाटा अडला तर काय करायचं, ते दाखवतात. आता मी दोन बोटांनी दाबतो. ज्या यंत्राने मला बाहेर काढलं ते मी शिकणारच. चारांत नाही राहिलो तर नाही, पण येत नव्हतं म्हणून नाही राहिलो, असं कोणाला म्हणता यायचं नाही.

रागावलीस तरी लिही. तू गप्प बसलीस की मला जास्त धास्ती वाटते.

तुझा,
लोटू


अमळनेर
३० डिसेंबर २०२४

चि. योगिता हिस,
फुईचे अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भावावर चिडले, दुसऱ्यांदा तुझ्यावर.

भुरा म्हणजे निळा, हे तुला कोणी सांगितलं गं? माझ्या अंगणात काकडीचा वेल आहे, त्याच्या पानांवर भुरी पडली आहे. ती निळी असते का? भुरा म्हणजे राख. फुफाट्यातून चालून आल्यावर पायांचा होतो तो रंग. तुझ्या शाळेत, तुझ्या शेठकडे, सगळ्या सुरतेत भुरो निळा असेल, असू दे बापडा. पण ती चिठ्ठी सुरतेने लिहिलेली नाही, माझ्या भावाने लिहिली आहे, आणि त्याला बाराखडी मी शिकवली आहे. मला रंगातलं कळतं ते लुगड्यापुरतं. तरी एवढं सांगते की तो गव्हाळ रंगात निळा टाकायचा नाही. राख टाकेल, चिमूटभर, भडकपणा खाली बसावा म्हणून. आपण नाही का आमटी तिखट झाली की गुळाचा खडा टाकत, तसं.

तू लिहिलंस की जे अडलं ते विचारलं आणि जे सोपं होतं ते विचारलं नाही. बाई गं, जिथे अडतं तिथे माणूस पडत नाही, कारण तिथे तो थांबतो. जिथे सोपं वाटतं तिथेच आपटतो. बापाला लबाड ठरवायच्या आधी त्याला एक शब्द विचारला असतास तर एवढं झालं नसतं. तूही गप्प आणि तोही गप्प. घरात दोन शहाणे असले की असंच होतं.

आता काय करायचं ते तुला कळलं असेल. आधी यंत्रावर खात्री करून घे, म्हातारीच्या शब्दावर जाऊ नकोस. खरं निघालं तर ते तूच सांगायचं, मी लोटूला यातलं अक्षर कळवणार नाही. आणि घरात सांगून भागायचं नाही. त्याची अब्रू घरात गेली नव्हती. ज्यांच्यासमोर चिठ्ठी आपटली त्यांच्यासमोर सांग. नोकरी जाईल अशी भीती वाटेल. वाटू दे, भीती वाटते म्हणून पाय थांबत नाहीत, आपण थांबवतो.

निर्दोष माणूस गप्प का बसेल, असं विचारलंस. त्याचं उत्तर त्याच्याकडे आहे, ते तो देईल तेव्हा देईल. तोवर तू तुझं बघ.

माया पूर्वी होती त्यापेक्षा वाढली आहे, कारण तू खरं काढायला निघाली होतीस. फक्त चुकीच्या दारात उभी होतीस.

तुझी,
फुई


अमळनेर
३० डिसेंबर २०२४

चि. लोटू यास,
आक्काचे अ. उ. आ.

तू खोटं लिहिलं नाहीस, हे मला तुझं पत्र उघडायच्या आधीच माहीत होतं. बाकीचं वाचून मात्र कपाळाला हात लावला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतोस. अरे, मूठ झाकूनच ठेवली तर त्या हाताने घाससुद्धा घेता येत नाही. तीस वर्षं तुला ठेवलं ते काय चिठ्ठ्यांसाठी? चिठ्ठ्या तर आधी कोणी मागितल्याही नव्हत्या. तुझी नजर आहे म्हणून ठेवलं. नजर काही पिठाच्या डब्यामागे राहत नाही.

त्या सव्वीस चिठ्ठ्या काढ, पीठ झटक आणि खिशात ठेव. केव्हा द्यायच्या ते सांगते. आत्ता नाही. आत्ता दिल्यास तर भीतीने दिल्यासारखं होईल. तुझ्यावरचा आळ उतरेल त्या दिवशी दे, जेव्हा कोणी मागत नसेल आणि गप्प राहिलास तर कोणाला कळणारही नाही. तेव्हाच जड जाईल, म्हणून तेव्हाच द्यायच्या.

आळ उतरेल हे मला कसं ठाऊक, ते विचारू नकोस. यंत्र शिकतोस ते वाचून ऊर भरून आला. शिकत राहा. माझा लोभ आहे, आणि माझं लक्षही आहे.

तुझी,
आक्का


पांडेसरा, सुरत
१६ जानेवारी २०२५

तीर्थरूप आक्कास,
लोटूचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवला आहे. इथे दोन दिवस सगळी सुरत छपरावर पतंग उडवत होती, त्यामुळे पत्र आज लिहितो.

शेठ गेल्या बुधवारी परत आले. दुपारी मला फोल्डिंगमधून बोलावलं, मला वाटलं हिशोब हातात देणार. किचनमध्ये गेलो तर दहाही जण उभे, धर्मेंद्रभाई, इंजिनिअरसाहेब, आणि यंत्राजवळ आपली योगिता, एसी सोडून वाफेत आलेली. तिनेच सगळ्यांना बोलवा असा हट्ट धरला होता, हे मागाहून कळलं. ती गुजरातीत बोलली म्हणजे सगळ्यांना समजावं. म्हणाली की चूक यंत्राची नाही आणि चिठ्ठीची नाही, माझी आहे. पप्पांनी राखेचा रंग लिहिला होता आणि मी चारशेवर शेडमध्ये निळा भरला. मग तिने तिथेच गव्हाळचा लहान नमुना काढून दाखवला. आधी तिने भरला होता तसा, तो हिरवट. नंतर मी लिहिला होता तसा, तो गव्हाळ.

शेठनी तिला विचारलं की घरात बाप असताना त्याला विचारलं का नाही. ती म्हणाली की मला येतं असं वाटलं म्हणून. आक्का, मी तिला काय नावं ठेवू? शेठशी गुजरातीत बोलताना मी स्वतः आभाळाला भुरं म्हणतो आणि लिहायला बसलो की राखेला. एकाच तोंडात दोन भुरे तीस वर्षं गुण्यागोविंदाने नांदत होते, मलाच पत्ता नव्हता. आणि तू पाचशे मैलांवरून ओळखल्यासारखं 'आळ उतरेल' लिहून मोकळी झालीस. पाचशे नसतील, पण मला त्या वेळी तेवढे वाटले.

धर्मेंद्रभाई पुढे येऊन म्हणाले की माझा गैरसमज झाला, मोठ्या मनाने सोडून द्या. शेठ म्हणाले, लोटूभाई, उद्यापासून किचनमध्ये या. झालं, तिथेच संपलं असतं. राघो तर टाळ्या वाजवायच्या बेतात होता. तुझं पत्र आल्यापासून त्या सव्वीस चिठ्ठ्या मी रोज शर्टाच्या खिशात घेऊन जात होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मनात आलं की राहू दे, कोणाला कळणार आहे. पण समोर पोरगी उभी होती, लाल चेहऱ्याने, सहा-सात महिन्यांची नोकरी पणाला लावून. तिच्या बाजूला उभा राहून मी कसला गप्प बसतो.

मी म्हटलं, जरा थांबा. चिठ्ठ्या शेठच्या पुढ्यात ठेवल्या आणि सांगितलं की धर्मेंद्रभाई अगदीच खोटं बोलले नव्हते. खोटं मी लिहिलं नाही, पण सगळ्या दिल्या म्हणालो आणि एवढ्या लपवल्या. का लपवल्या तेही सांगितलं. धर्मेंद्रभाईंनी बोलायला तोंड उघडलं, शेठनी नुसता हात वर केला. योगिताकडे बघायची माझी छाती झाली नाही.

शेठना मराठी वाचता येत नाही, तरी ते एकेक चिठ्ठी उलटून बघत राहिले. मग त्यांनी त्या योगिताच्या हातात दिल्या आणि निघून गेले. आता ही रडेल, नाहीतर तोंड फिरवून जाईल, असं मला वाटलं. तिने डोळे पुसले, पहिली चिठ्ठी स्क्रीनजवळ धरली आणि म्हणाली की पप्पा, इकडे या, मला हे सगळं वाचता येतंय, तरी मी प्रत्येक शब्द विचारणार आहे. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. एकेक शब्द तिने विचारला, मी डबा दाखवला, तिने नंबर भरला. जिथे भुरा आला तिथे ती थांबून माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो. असं आठ दिवस चाललं आहे, जुन्या चारशेसुद्धा पुन्हा पहिल्यापासून. तिला शब्द कळले की मी तिच्याकडून पुढचं बटण शिकून घेतो.

चार जणांची यादी महिनाअखेर लागायची आहे. माझं नाव आहे की नाही, ते मला कोणी सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. मात्र सोमवारी दुपारी शेठ दारातून डोकावले. आक्का, किचनमध्ये तीस वर्षांत मी कोणाला बसलेलं पाहिलं नाही, तिथे सगळे उभ्यानेच काम करतात. शेठनी मला पोरीच्या खांद्यावरून वाकून स्क्रीन बघताना पाहिलं, आणि बाहेरच्या माणसाला सांगितलं की लोटूभाईंसाठी इथे एक खुर्ची आणून ठेवा, कायमची.

माझा लोभ तुला, आणि तुझा धाक मला, असाच पुढेही असू दे.

तुझा,
लोटू